कोकमातलं गार्सिनॉल आणि हिस्टोनचं ॲसिटिलेशन: ब्लॉटचा अर्थ कसा लावायचा?

केरी_सत्तरी

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पात कोकमाच्या सालीतल्या गार्सिनॉलचा हेला पेशींवर (प्रयोगशाळेत वाढवतात त्या गर्भाशयमुखाच्या कर्कपेशी) काय परिणाम होतो ते पाहते आहे. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधल्या गटाने २००४ साली गार्सिनॉल हे हिस्टोन ॲसिटिलट्रान्सफरेज (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांना ॲसिटिल लावणारं एन्झाइम) रोखतं असं दाखवलं होतं, तोच धागा धरला आहे. तीन ठिकाणी अडलंय.

पहिलं: गार्सिनॉल २० मायक्रोमोलर, २४ तास. वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रथिन दाखवणारी चाचणी) ॲसिटिल-एच३ चा बँड (के९ आणि के१४, म्हणजे एच३ हिस्टोनमधल्या ९ व्या आणि १४ व्या लायसिनची एकत्र अँटीबॉडी) थोडा उतरतो, पण ॲक्टिनने (सगळ्या लेनमध्ये सारखं धरलेलं प्रथिन) भागलं की दर खेपेला आकडा वेगळा येतो. ट्रायकोस्टॅटिन ए (ॲसिटिल काढणारी डीॲसिटिलेज एन्झाइमं रोखणारं) दिलं की तोच बँड भसकन वाढतो. आणि पेशी दोन्हींनी मरतात! एक ॲसिटिल कमी करतं, दुसरं वाढवतं, मग मरण दोघांकडून कसं?

दुसरं: तुलनेसाठी ईझेडएच२ चं (एच३ च्या के२७ वर मिथाईल लावणारं एन्झाइम) इन्हिबिटर टॅझेमेटोस्टॅट १ मायक्रोमोलर, २४ तास दिलं. के२७ वरच्या ट्रायमिथाईलचा (तीन मिथाईल) बँड जागचा हलत नाही. औषध खराब झालं असेल का?

तिसरं: घरच्या आगळापासून (कोकमाचा रस) केलेला अर्क दिला तर एमटीटीमध्ये (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) कमी मात्रेला पेशी कंट्रोलपेक्षाही जास्त दिसतात आणि पुढच्या मात्रेला एकदम सगळ्या मरतात. मधलं काहीच नाही.

---

ताळगाव_पठार

बाय, तिन्हींत पहिला प्रश्न सगळ्यात मोलाचा, म्हणून त्यावरच लिहितो. बाकीचं इथली मंडळी सांगतील.

ॲसिटिल वाढलं की जीन चालू आणि उतरलं की बंद, हा हिशेब एका जीनच्या प्रमोटरपुरता (जीन जिथून सुरू होतो तो भाग) बराचसा खरा आहे. सबंध पेशीच्या ब्लॉटला तो लागू होत नाही. डीएनएच्या १४७ बेस-जोड्या आठ हिस्टोनांच्या गाभ्याभोवती सुमारे १.६५ वेढे घेतात आणि हिस्टोनांच्या शेपट्या बाहेर लोंबतात. शेपटीतल्या लायसिनवर धन प्रभार असतो. ॲसिटिल लागला की तो जातो आणि डीएनएवरची पकड सैल होते. पण तेवढ्यावर भागत नाही. ॲसिटिल लागलेला लायसिन ओळखणारी ब्रोमोडोमेनवाली प्रथिनं असतात, त्यांतलं बीआरडी४ तिथे येऊन बसतं आणि थबकलेल्या आरएनए पॉलिमरेजला पुढे सरकवणारी यंत्रणा सोबत आणतं. बऱ्याच कर्करोगांत पेशी वाढवणारा मिक हा जीन अशाच भरपूर ॲसिटिलवाल्या एन्हान्सरांच्या (जीनला दुरून जोर देणारे डीएनएचे भाग) जोरावर चालतो.

आता पी३०० आणि सीबीपी ही ॲसिटिल लावणारी एन्झाइमं रोखली तर एन्हान्सरवरचे ॲसिटिल जातात, बीआरडी४ सुटतं, मिक उतरतो. उलट ट्रायकोस्टॅटिनने डीॲसिटिलेज रोखली तर ॲसिटिल जिथे नको तिथेही साचतात, जीनच्या अंगभर आणि दोन जीनांमधल्या ओसाड भागातसुद्धा. बीआरडी४ चा साठा मर्यादित असतो. तो सगळीकडे विखुरतो आणि एन्हान्सरपाशी कमी पडतो. मिक पुन्हा उतरतो. त्याच वेळी पी२१ सारखा पेशीचक्र थांबवणारा जीन चढतो. म्हणजे ब्लॉटवर दोन उलट चित्रं दिसली तरी कर्कपेशीला ज्या जीनांची गरज आहे ते दोन्हीकडे कोसळू शकतात. डीॲसिटिलेज इन्हिबिटर दिल्यावर काही जीन वाढतात तसे कितीतरी उतरतातही, ही गोष्ट शिकवताना बरेचदा राहून जाते.

शिवाय ही एन्झाइमं हिस्टोनपुरती नाहीत. पी३०० पी५३ लाही ॲसिटिल लावतं. एचडॅक६ या डीॲसिटिलेजचं मोठं काम ट्युब्युलिन आणि एचएसपी९० या हिस्टोन नसलेल्या प्रथिनांवर आहे. झिंकवर चालणारी डीॲसिटिलेज ११ आहेत, एनएडीवर चालणारी सर्टुइनं ७, आणि ट्रायकोस्टॅटिन सर्टुइनांना हात लावत नाही. त्यामुळे पेशी मेली तर ती हिस्टोनमुळेच मेली, हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

तुझ्या अँटीबॉडीबद्दल. उंदराच्या पेशींत पी३००/सीबीपी काढून टाकली तर के१८ आणि के२७ वरचे ॲसिटिल जातात. जीसीएन५/पीकॅफ ही ॲसिटिल लावणारी दुसरी जोडी काढली तर के९ वरचे. २०११ पासून हे नीट माहीत आहे. तू पी३०० बद्दल बोलणार आणि पाहणार के९/के१४, म्हणजे दुसऱ्याच एन्झाइमाची खूण पाहते आहेस. गार्सिनॉल परीक्षानळीत दोघांनाही रोखतं, पी३०० ला सुमारे ७ मायक्रोमोलरला आणि पीकॅफला सुमारे ५ ला, म्हणून थोडा उतार दिसतो. के२७-ॲसिटिल आणि के९-ॲसिटिल अशा दोन वेगळ्या अँटीबॉडी घे. आणि २४ तास थांबू नकोस. ॲसिटिल मिनिटा-तासांत लागतात नि निघतात. १, २, ४, ६ तास पाहा. २४ तासांनी गार्सिनॉलने हेला पेशींत ॲपॉप्टोसिस (पेशीचं आपणहून मरणं) सुरू झालेली असते, मग बँड उतरला तो औषधाने की मरणाने, कळायला मार्ग उरत नाही. कापलेल्या पार्पचा (त्या मरणाची खूण) ब्लॉट त्याच नमुन्यावर जरूर लाव.

---

फोंडा_ब्लॉट

ॲक्टिन सोडून दे. हिस्टोनच्या बँडला भागायचं ते एकूण एच३ ने. रिपा या पेशी फोडायच्या बफरमध्ये क्रोमॅटिन (डीएनए आणि हिस्टोन मिळून) पूर्ण सुटत नाही, बरंचसं गोळ्यात राहून फेकलं जातं, आणि किती राहील ते सोनिकेशनवर ठरतं. ॲक्टिन मात्र सगळं सुटतं. दर खेपेला आकडा वेगळा येतो तो इथे.

ॲसिड एक्स्ट्रॅक्शन कर. १ कोटी पेशी थंड पीबीएसने धुवायच्या. १ मिली बफरात (पीबीएस, ट्रायटन एक्स-१०० ०.५ टक्के, पीएमएसएफ २ मिलिमोलर, सोडियम ब्युटिरेट ५ मिलिमोलर) बर्फावर १० मिनिटं. ६,५०० जी ला १० मिनिटं ४ अंशांवर फिरवून केंद्रकं खाली आणायची, अर्ध्या बफरात एकदा धुवायची. मग २५० मायक्रोलिटर ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ४ अंशांवर रात्रभर. सकाळी पुन्हा फिरवलं की हिस्टोन वरच्या द्रवात असतात. त्यात २५ मायक्रोलिटर २ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड घातलं की आम्ल बरोब्बर भागतं. हे राहिलं तर लोडिंग बफर घालताच निळा रंग पिवळा पडतो. तसा नमुना जेलवर चढवू नकोस, लेन वाकडी पळते.

ब्युटिरेट का, तर पेशी फोडल्यावरही डीॲसिटिलेज काम करत राहतात. ते न घालता नमुना टेबलावर राहिला की ॲसिटिल तिथेच झडतात. सर्टुइनांसाठी निकोटिनामाइड १० मिलिमोलर घाल. पीएमएसएफ पाण्यात तासा-दोन तासांत निकामी होतं, वापरायच्या क्षणीच टाकायचं.

मोजमाप ब्रॅडफर्डवर सोडू नकोस, तो आर्जिनिन-लायसिनला चिकटतो आणि हिस्टोन आहेत त्याहून जास्त दाखवतो. १५ टक्के जेलवर थोडा नमुना पळवून कुमासीने रंगव. ११ ते १७ किलोडाल्टनमध्ये चार बँड दिसतात, वरून एच३, एच२बी, एच२ए, एच४. चारही सगळ्या लेनमध्ये सारखे येईपर्यंत नमुने जुळवून घे आणि मगच ब्लॉट लाव. मेंब्रेन ०.२ मायक्रॉन पीव्हीडीएफ. ०.४५ मधून एवढी लहान प्रथिनं आरपार निघून जातात. प्रति लेन २ मायक्रोग्रॅम पुरे. जास्त घातलं तर केमिल्युमिनेसन्स तुंबतो आणि निम्मा फरकही डोळ्याला दिसत नाही. शेजारच्या लेनमध्ये कंट्रोल नमुना पूर्ण, अर्धा आणि पाव असा उतरता लाव. तो उतार ब्लॉटवर दिसला तरच पुढच्या आकड्यांना अर्थ आहे.

---

म्हापसा_पेशी

टॅझेमेटोस्टॅट खराब झालेलं नाही. २४ तास कमीच आहेत.

ईझेडएच२ हे पीआरसी२ या संचातलं मिथाईल लावणारं एन्झाइम. ईईडी आणि एसयूझेड१२ सोबत असल्याशिवाय ते चालत नाही, आणि मिथाईल घेतं ते सॅम या मिथाईल पुरवणाऱ्या रेणूकडून. टॅझेमेटोस्टॅट त्या सॅमच्या जागी बसतं. म्हणजे नवे मिथाईल लागायचे थांबतात, लागलेले निघत नाहीत. ते काढणारी केडीएम६ए आणि केडीएम६बी आहेत, पण सबंध जिनोमभरचा साठा उतरवायचं काम मुख्यतः पेशीविभाजनच करतं. दर विभाजनात जुने हिस्टोन दोन पेशींत वाटले जातात आणि भरीला येणारे नवे एच३ कोरे असतात. हेला साधारण दिवसाला दुप्पट होते. एका दिवसात फार तर निम्म्यावर उतरणार, चार दिवसांत सोळाव्या हिश्श्यावर. निम्म्याचा फरक तुंबलेल्या ब्लॉटवर दिसत नाही हे वर आलंच आहे.

४ ते ६ दिवस चालव. दर ४८ तासांनी ताज्या औषधासह मीडियम बदल आणि प्लेट ७० टक्क्यांच्या वर भरू देऊ नकोस. पेशी खेटून विभाजन मंदावलं की मिथाईलचा उतारही मंदावतो आणि औषध चालत नाही असा भास होतो. ईझेडएच२ प्रथिनाचा बँड कमी होणार नाही, होऊही नये, हे औषध एन्झाइमाला अडवतं, मोडत नाही. के२७ वर मिथाईल आणि ॲसिटिल एकाच लायसिनवर एका वेळी बसत नाहीत, म्हणून ट्रायमिथाईल उतरताना के२७-ॲसिटिल थोडा चढतो. तुझ्या गार्सिनॉलच्या प्रयोगासाठी ही उलट्या दिशेची छान तुलना होईल.

आणखी एक सांभाळायचं. के९ आणि के२७ दोहोंभोवती अलानिन-आर्जिनिन-लायसिन-सेरिन हाच क्रम आहे, त्यामुळे स्वस्त अँटीबॉडी के२७ च्या नावाखाली के९ चा ट्रायमिथाईलही दाखवते. ६ दिवसांनीही बँड ढिम्म राहिला तर आधी अँटीबॉडीवर संशय घे. पेप्टाइड घालून ती अडवून पाहा.

हेला पेशी यात मरत नाहीत, म्हणून प्रयोग फसला असं लिहू नकोस. ईझेडएच२ वर जगणाऱ्या पेशी वेगळ्या. फॉलिक्युलर लिम्फोमा आणि जर्मिनल सेंटर प्रकारच्या मोठ्या बी-पेशी लिम्फोमांत ६४१ क्रमांकाचा टायरोसिन बदललेला सापडतो, हे २०१० मध्ये कळलं. मूळ एन्झाइम पहिला मिथाईल चटकन लावतं आणि तिसरा रडतखडत. बदललेलं नेमकं उलट. पेशीत एक प्रत मूळ आणि एक बदललेली असते, दोघं मिळून ट्रायमिथाईलचा ढीग करतात, आणि बी-पेशीला प्रौढ व्हायला लागणारे जीन बंद पडून राहतात.

पण मायलोडिस्प्लास्टिक आजारांत आणि टी-पेशी ल्युकेमियात हाच ईझेडएच२ निकामी झालेला आढळतो. मुलांच्या मेंदूच्या मध्यरेषेतल्या ग्लायोमात तर एन्झाइम शाबूत असतं, हिस्टोन एच३ मधला के२७ च मेथिओनिन झालेला असतो (२०१२ साली सापडलं), आणि तो थोडासा बिघडलेला हिस्टोन पीआरसी२ ला असा अडवतो की बाकीच्या निरोगी हिस्टोनांवरचा ट्रायमिथाईलही ओसरतो. म्हणून प्रबंधात ईझेडएच२ ला सरसकट ऑन्कोजीन म्हणू नकोस. कुठल्या पेशीत कुठले जीन बंद राहायला हवे होते, त्यावर ते ठरतं. के२७ कडे पाहताना मला तरी हाच भाग सगळ्यात विलक्षण वाटतो.

पुढे चिप (खूण जिनोमवर कुठे आहे ते शोधणारा प्रयोग) करणार असशील तर ठरावीक ड्रोसोफिला क्रोमॅटिन प्रत्येक नमुन्यात आधीच मिसळ. खूण सगळीकडे सारखी उतरली की नेहमीचं नॉर्मलायझेशन तो उतार पुसून टाकतं आणि दोन्ही नमुने सारखेच दिसतात.

---

रसायन_डिचोली

आगळाच्या अर्कात गार्सिनॉल शोधू नका. भिरंडाचा (कोकमाच्या फळाचा) लाल रंग अँथोसायनिनांचा, आंबटपणा हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा, आणि दोन्ही पाण्यात उतरतात. गार्सिनॉल पिवळं, तेलकट वळणाचं, पाण्याला नको म्हणणारं. ते सालीत राहतं. आगळात वर मीठही भरपूर. मीडियमची ऑस्मोलॅरिटी ३०० मिलिऑस्मोलच्या आसपास असते, त्यात खारट आगळ ओतला की एका मात्रेपर्यंत पेशी तग धरतात आणि पुढच्या मात्रेला आक्रसून मरतात. मधली पायरी दिसत नाही ती यामुळे. मीडियमचा फिनॉल रेड पिवळा पडला का तेही पाहा, आम्लानेही हेच होतं.

कमी मात्रेला ‘जास्त पेशी’ दिसतात तो एमटीटीचा दोष. असली फिनॉलं पेशींच्या मदतीशिवायच एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून २ तास ठेवा, रंग येतो की नाही पाहा. आला तर एमटीटी बाजूला ठेवून क्रिस्टल व्हायोलेटवर किंवा ट्रिपॅन ब्लूच्या मोजणीवर या.

याहून अवघड पेच हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाचा आहे. ते एटीपी-सिट्रेट लायेज रोखतं, आणि केंद्रकात ॲसिटिल लावायला लागणारं ॲसिटिल-कोए बरंचसं त्याच एन्झाइमाकडून येतं. हे आम्ल पेशीत सहज शिरत नाही, तरी कच्च्या अर्कात ते मिलिमोलरमध्ये असू शकतं. मग ॲसिटिल उतरलं तर पी३०० रोखलं म्हणून, की कच्चा माल संपला म्हणून? कच्च्या अर्कावर याचं उत्तर मिळणार नाही. शुद्ध गार्सिनॉलच हवं.

ते काढायचं तर मीठ न लावता वाळवलेल्या सालीची पूड इथेनॉलमध्ये भिजवा, अर्क आटवून कॉलमवर वेगळा करा, पिवळा भाग थोड्या हेक्झेनमध्ये विरघळवून थंडीत ठेवला की साका बसतो. बाजारातली सोलां (वाळवलेली कोकमं) वापरू नका, ती मीठ आणि रसाचे हात देऊन वाळवलेली असतात. सोबत आयसोगार्सिनॉल येतं. दोघांचं रेणुसूत्र एकच, रेणुभार ६०२.८, त्यामुळे नुसत्या मास स्पेक्ट्रमवर शुद्धता ठरवू नका, एचपीएलसीवर दोन शिखरं वेगळी दिसायला हवीत. आम्लात गरम केलं तर गार्सिनॉलचंच आयसोगार्सिनॉल होतं, तेव्हा आम्ल टाळा.

१० मिलिमोलर स्टॉकसाठी १ मिली डीएमएसओत ६.०३ मिलिग्रॅम. १ मायक्रोलिटर प्रति मिली म्हणजे १० मायक्रोमोलर आणि डीएमएसओ ०.१ टक्का. आपल्याकडच्या पावसाळ्यात उघडी डीएमएसओची बाटली हवेतलं पाणी ओढते आणि गार्सिनॉल तळाशी बसू लागतं. २० मायक्रोलिटरच्या कुप्या भरून उणे २० ला ठेवा, एकदा उघडलेली पुन्हा गोठवू नका.

गार्सिनॉलमध्ये कॅटेकॉल आहे. मीडियममध्ये त्याचं ऑक्सिडेशन होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. एका वेलमध्ये कॅटॅलेज १०० युनिट प्रति मिली घाला. त्याने मरण थांबलं तर ते हिस्टोनच्या खात्यात मांडता येणार नाही.

---

बांबोळी_पॅथॉलॉजी

माझ्या बाजूचं थोडक्यात. के२७ वरच्या ट्रायमिथाईलची हीच खूण आम्ही स्लाइडवर रोज वापरतो. मध्यरेषेतल्या ग्लायोमात एच३ के२७एम ची अँटीबॉडी केंद्रकात उमटते आणि त्याच पेशींत ट्रायमिथाईल गेलेला दिसतो. शेजारच्या रक्तवाहिन्यांच्या पेशींत तो शाबूत असायलाच हवा, तोच आतला कंट्रोल. तिथेही पुसट असेल तर फिक्सेशन बिघडलं आहे, निदान देऊ नये. एपिथेलिऑइड सार्कोमात आयएनआय१ हे पीआरसी२ ला आवरणारं प्रथिन गेलेलं असतं. तो अंकुश सुटला की पीआरसी२ मोकाट होतं, आणि टॅझेमेटोस्टॅटला अमेरिकेत २०२० च्या जानेवारीत पहिली मंजुरी मिळाली ती याच गाठीसाठी, जूनमध्ये फॉलिक्युलर लिम्फोमासाठी. डीॲसिटिलेज इन्हिबिटरांत व्होरिनोस्टॅट २००६ चं, त्वचेच्या टी-पेशी लिम्फोमासाठी. घट्ट गाठींत या गटाने एकट्याने फारसं साधलं नाही, आणि प्लेटलेट उतरणं हा त्यांचा नेहमीचा त्रास.

हा धागा रुग्णांचे नातेवाईकही वाचतील म्हणून लिहिते: सोलकढीतून रक्तात ७ मायक्रोमोलर गार्सिनॉल पोचत नाही. जेवणात सोलां खुशाल घाला. पण गार्सिनियाच्या, हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाच्या वजन उतरवण्याच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना त्या घेऊ नका, घेत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

---

केरी_सत्तरी

सगळ्यांचे मनापासून आभार. पी३०० चं खात्रीचं इन्हिबिटर ए-४८५ मागवायला निधी नाही. ट्रायकोस्टॅटिन आणि ब्युटिरेट दोन्ही आहेत. त्यावर काम भागेल का?

---

ताळगाव_पठार

बरंचसं भागेल. चार प्लेटा कर: फक्त डीएमएसओ, फक्त ट्रायकोस्टॅटिन २०० नॅनोमोलर, फक्त गार्सिनॉल १० मायक्रोमोलर, आणि चौथीत गार्सिनॉल १ तास आधी देऊन मग ट्रायकोस्टॅटिन. ट्रायकोस्टॅटिन घातल्यापासून ४ तासांनी चारही एकदम उचल. डीएमएसओ सगळीकडे सारखं.

डीॲसिटिलेज बंद असताना ॲसिटिल जो साचतो तो फक्त लावणाऱ्या एन्झाइमांच्या कामाचा. त्यामुळे चौथ्या प्लेटीत के२७-ॲसिटिल दुसरीइतका चढला नाही तर लावणं अडलं आहे. दुसरीइतकाच चढला आणि तरी तिसरीत मूळ पातळी खाली असेल, तर गार्सिनॉल लावणं अडवत नाही, उतार दुसऱ्याच कारणाने आहे. के२७ चढला नाही पण के९ चढला, तर पी३००/सीबीपीकडे बोट दाखवता येईल. इथे ब्युटिरेट नको. पेशी ते जाळून त्याचंच ॲसिटिल-कोए करतात, आणि कच्च्या मालाचा हिशेब पुन्हा गढूळ होतो. ते एक्स्ट्रॅक्शन बफरापुरतंच ठेव.

यानंतरही ‘थेट रोखतं’ असं लिहायचं असेल तर पेशी नसलेला एक प्रयोग लागेलच. पी३०० चा शुद्ध कॅटॅलिटिक भाग, एच३ आणि ॲसिटिल-कोए ३० अंशांवर ३० मिनिटं ठेवून के२७-ॲसिटिलचा डॉट ब्लॉट. एक संच नुसता आणि दुसऱ्यात ट्रायटन ०.०१ टक्के घाल. ट्रायटनने परिणाम नाहीसा झाला तर गार्सिनॉलचे गोळे होऊन एन्झाइम त्यांना चिकटत होतं, सक्रिय जागेवर काही बसत नव्हतं.